एका तरुण भावासाठी प्रार्थनाविनंती

चर्चमध्ये नोकरी करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या गळ्यात क्रॉस शोधतो आणि मग विचारतो, "म्हणजे नक्की काय करता?" मुलुंडच्या आमच्या सोसायटीत हा प्रश्न मला सव्वीस वर्षं विचारला गेला. वरच्या मजल्यावरच्या राणेवहिनींची तर खात्री होती की मी नन आहे आणि घरात वावरणारे गृहस्थ माझे भाऊ आहेत. तो गैरसमज घालवायला आम्हाला त्यांच्या गणपतीला जोडीने जाऊन बसावं लागलं.

तर मी काय करायचे ते सांगते. उपनगरांतल्या पाच मराठी मंडळ्यांच्या तरुण संघांची मी पगारी संघटक होते. मंडळी म्हणजे एका चर्चची सगळी माणसं आणि तरुण संघ म्हणजे त्यातली सोळा ते तिशीची. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, गोरेगाव आणि माहुल. बहुतेक घरं मागच्या पिढीत नगर-जालन्याकडून आलेली. उपदेश करणं हे पाळकांचं काम. माझं काम म्हणजे हॉलची किल्ली कोणाकडे आहे ते शोधणं, मुलींना शिबिराला पाठवा म्हणून आयांच्या विनवण्या करणं, गिटारवाला आणि तबलावाला यांच्यात समेट घडवणं आणि कोणाचं कोणाशी जुळलंय हे ठाऊक असूनही चेहऱ्यावर काही न दाखवणं. प्रत्येक संघाला एक लीडर असतो. तो बिनपगारी, घरचं आणि ऑफिसचं सांभाळून हे करतो. त्याला सांभाळणं ही माझी खरी नोकरी.

या कामातलं मला कळलेलं एकमेव गुपित खुर्च्यांचं आहे. तरुण मुलं महत्त्वाची गोष्ट कधीही सभेत सांगत नाहीत. "कोणाला काही बोलायचंय का?" असं विचारलं की सगळे जमिनीकडे बघतात. सभा संपते, खुर्च्या एकावर एक रचायला सुरुवात होते, आणि मग चौथी खुर्ची उचलता उचलता कोणीतरी म्हणतं, "ताई, मी कॉलेज सोडलं." हात कामात असले आणि डोळ्याला डोळा द्यायचा नसला की तोंड उघडतं. म्हणून खुर्च्या रचायला शिपाई ठेवू नका असं मी प्रत्येक मंडळीच्या कमिटीला सांगत आले. कमिट्यांना तो माझा काटकसरीपणा वाटायचा आणि त्या खूश व्हायच्या.

मग लॉकडाउन लागलं आणि खुर्च्या हॉलमध्ये, हॉल कुलुपात, किल्ली पाळकांच्या खिशात आणि पाळक नगरला अडकलेले अशी आमची अवस्था झाली.

दोन आठवड्यांत आम्ही व्हिडिओ कॉलवर आलो. आमच्याकडे हजेरी घेताना 'हजर' म्हणत नाहीत, नाव पुकारलं की बायबलमधलं एक वचन म्हणायचं असतं. बायबलमध्ये 'येशू रडला' हे एक वचन दोनच शब्दांचं आहे आणि पाचही संघांतल्या तमाम आळशी मुलांना ते पाठ आहे, म्हणून त्याच्यावर मी पूर्वीच बंदी घातली होती. ऑनलाइन झाल्यावर मुलं अचानक लांबलचक वचनं म्हणू लागली. मला भरून आलं. पडद्याबाहेर भिंतीवर कागद चिकटवलेले असतात हे कळायला मला महिना लागला. गोरेगावचा एक पठ्ठ्या स्टुडिओत लाइटिंगचं काम करणारा, त्याने स्वतःचा मान डोलावतानाचा व्हिडिओ करून लावून ठेवला होता आणि स्वतः झोपायचा. घाटकोपरच्या एकीची आजी दर शनिवारी तरुण संघात येऊन बसायची आणि आपलं नाव का पुकारत नाही म्हणून रुसायची. शेवटी हजेरीत तिचंही नाव घातलं. एकत्र गाणं गायचा प्रयत्न आम्ही एकदाच केला. अंधेरी दुसऱ्या कडव्यावर असताना माहुल अजून ध्रुवपदावर होतं.

या सगळ्या गोंधळात मुलुंडचा संघ मात्र झकास चालला होता. तिथला लीडर आशिष पगारे, वय पंचवीस, अंधेरीला एका ट्रॅव्हल कंपनीत तिकिटांचं काम करायचा. नाव अर्थातच बदललं आहे. शनिवारची सभा सहा म्हणजे सहाला सुरू. पडद्यावर गाण्याचे शब्द, प्रश्नमंजूषा, आजारी मुलांना फोन, सगळं जिथल्या तिथे. त्याने ऑनलाइन सभा कशी घ्यायची याची एक छोटी माहितीपुस्तिकाही केली होती. मी ती इतर चार लीडरना पाठवून वर लिहिलं, 'मुलुंडकडे बघा. आशिष नोकरी सांभाळून हे करतो.' माहुलच्या मुलीचं उत्तर आलं, 'ताई, त्याला दिवसाला किती तास मिळतात?' मला तो हेवा वाटला. प्रश्न अगदी बरोबर होता.

ऑनलाइन सभेत एक अडचण मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. ती संपते तेव्हा एकदम संपते. लाल बटण दाबलं की माणसं गायब. म्हणून मी सांगून टाकलं की सभा संपली तरी मी पंधरा मिनिटं कॉलवर बसून असेन, शेंगा निवडत बसेन, ज्याला थांबायचंय त्याने थांबावं. बरेच आठवडे कोणी थांबलं नाही. एका शनिवारी आशिष थांबला.

"ताई, एक मिनिट आहे का?"

"बोल ना रे."

त्याने कानात इअरफोन घातले आणि आवाज खाली आणला. "ऑफिस बंद झालं."

"सगळ्यांचंच बंद आहे बाबा."

"तसं नाही. कायमचं. दीड महिना झाला."

"अरे, पण तुझं वर्क फ्रॉम होम?"

"ते पप्पांसाठी आहे."

दोन खोल्यांचं घर. रोज साडेनऊला हा इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत जायचा आणि दार लावायचा. अधूनमधून मोठ्याने 'येस सर' म्हणायचा. आई चहा आणायची तो दाराबाहेर ठेवून जायची, साहेब ऐकत असतील म्हणून. मी विचारलं, दिवसभर करतोस काय? "तुमचे कार्यक्रम बनवतो," तो म्हणाला. मला स्वतःची लाज वाटली. ज्या कामाचं मी चारचौघांत कौतुक करत होते, ते एका अडकलेल्या मुलाचं लपण्याचं काम होतं.

त्याचे वडील, पगारेकाका, भांडुपच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. आवाज कारखान्यातलाच राहिलेला. 'माझा आशिष एअरलाइनवाल्यांशी इंग्रजीत बोलतो' हे त्यांनी चर्चच्या आवारात प्रत्येकाला निदान दोनदा ऐकवलं होतं. आदल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. आशिषचं म्हणणं सरळ होतं. "दुसरं काहीतरी मिळालं की मीच सांगणार, ताई. त्यांना माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. बाहेरून कळलं ना, तर ते मला परत कधी मानणार नाहीत. तुम्ही कोणाला सांगू नका."

"नाही रे. मी फक्त प्रार्थना करते."

"करा," तो म्हणाला.

आता इथे बाहेरच्यांना आमची एक पद्धत सांगायला हवी. सभेच्या शेवटी आम्ही प्रार्थनाविनंत्या घेतो. ज्याला जी अडचण असेल ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. दुसऱ्याची अडचण सांगताना नाव घ्यायचं नाही, 'एक बहीण', 'एक भाऊ' असं म्हणायचं. 'एका बहिणीच्या सासूचा स्वभाव बदलावा' असं कोणी म्हटलं की तीस माणसांच्या खोलीत तीस माना त्या बहिणीकडे वळतात, तो भाग वेगळा. पण खोलीला दार होतं आणि गोष्ट साधारण त्या दाराच्या आत राहायची. लॉकडाउनमध्ये आम्ही हेच मोबाइलवर आणलं आणि त्याला प्रार्थना साखळी म्हणू लागलो. रोज सकाळी मी पाच-सहा विनंत्या लिहून बारा विश्वासू माणसांना पाठवायचे.

रविवारी सकाळी मी तिसऱ्या क्रमांकाला लिहिलं, 'एका तरुण भावाची नोकरी गेली आहे. घरी सांगायचं धैर्य होत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करावी.' नाव नाही, गाव नाही, कंपनी नाही. मी स्वतःवर खूश होते. देवाला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे, अशी माझी समजूत होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या सगळ्यांचीच असते. पण देवाकडे जाताना ही गोष्ट बारा मोबाइलमधून गेली. घाटकोपरच्या एका शिक्षिकेने ती भावाला पाठवली, भावाने ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकली. एक फांदी नगरला गेली आणि तिथून फिरून माझ्याकडे आली तोवर त्या तरुण भावाला बायको आणि दोन मुलं झाली होती. मुलुंडला मात्र मूळ मजकूर पोचला, खाली माझ्या नावासकट.

दुपारी फोन आला, आमच्या लोकांच्या नेहमीच्या सलामाने सुरू होणारा.

"सलाम ताई, पगारे बोलतोय, मुलुंड. ते सकाळचं वाचलं. तो नोकरी गेलेला पोरगा."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. "काका, नाव नाही सांगता येत."

"नको, नाव नको. नियम आहे तो. मी फक्त म्हणतो, त्याला निरोप द्या, बापाला सांगून टाक म्हणावं. बाप काय खाणार आहे का त्याला? नोकरी गेली, चोरी तर नाही ना केली?"

"देते निरोप."

"आणि आजपासून आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेत तो पोरगा. आशिषला पण सांगतो. लीडर आहे तो तुमचा, त्याला असल्या पोरांची काळजी पाहिजे."

पगारेकाकांकडे रोज साडेसातला कुटुंबप्रार्थना होते. कोणी आजारी असो, पाहुणे असोत, चुकत नाही. दुसऱ्या दिवशी आशिषचा फोन आला तो जिन्यातून. खालच्या मजल्यावर दूध आणायला म्हणून उतरला होता.

"आम्ही डोळे मिटून बसलेलो, ताई. पप्पा म्हणाले, हे प्रभू, त्या पोराला धीर दे आणि त्याच्या बापाचं मन मऊ कर. मम्मी आमेन म्हणाली. मला पण म्हणावं लागलं."

"मी तुझं नाव नाही लिहिलं रे."

"मी नाव सांगू नका म्हणालो होतो का? सांगू नका म्हणालो होतो."

मी माफी मागितली. मग माझ्यातली संघटक जागी झाली आणि मी म्हटलं, मी काकांशी बोलू का, हळूच तयारी करून देऊ का? तो म्हणाला, "नको. आता तुम्ही प्लीज काहीच करू नका." सव्वीस वर्षांत मला कोणी दिलेलं सगळ्यात अवघड काम ते होतं.

काका मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. दोन-तीन दिवसांआड त्यांचा फोन यायचा. पोराने सांगितलं का? नाही? का नाही? एकदा म्हणाले, भिवंडीला त्यांच्या जुन्या मित्राचं गोडाऊन आहे, लॉकडाउनमध्ये त्यालाच तेवढी माणसं हवी आहेत. "नंबर लिहून घ्या. त्या पोराला म्हणावं माझं नाव सांग, काम होऊन जाईल." मी नंबर घेतला आणि आशिषला दिला. एकाच घरातल्या दोन खोल्यांमधला निरोप माझ्या स्वयंपाकघरातून जात होता. आशिषने तो नंबर कसा लावायचा? तो मित्र त्याला लहानपणापासून ओळखत होता. मी काकांना सांगितलं, मुलगा जरा लाजतो. "लाजतो?" काका गरजले. "मग बसू दे त्याला लाजत!" संध्याकाळी मात्र त्यांनी त्याच्या लाजण्यासाठीही प्रार्थना केली.

आशिष मला शनिवारी दोन वाक्यांत कळवायचा. प्रार्थना दिवसेंदिवस लांबत चालली होती. तो पोरगा आता घरातलाच झाला होता. मम्मीने जेवताना विचारलं, बिचारा जेवत तरी असेल का नीट? आणि हे विचारताना तिने आशिषच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

असं तीन आठवडे चाललं. एका गुरुवारी काका डोळे मिटून म्हणाले की त्या पोराला अजून वेळ लागणार असेल तर आम्हाला थांबायला शिकव. आमेनच्या आधी आशिष म्हणाला, "पप्पा, तो मी."

काकांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. पुढचे चार दिवस ते आशिषशी एक शब्द बोलले नाहीत. साडेसातची प्रार्थनाही बंद. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. काकू स्वयंपाकघरात एकट्याच बसून करायच्या. त्या चार दिवसांत मी जेवढी घाबरले तेवढी माझ्या स्वतःच्या मुलांच्या आजारपणातही घाबरले नसेन. काकांच्या छातीत दुखलं असतं तर ते माझ्या तिसऱ्या क्रमांकाच्या विनंतीमुळे, हे मला लख्ख दिसत होतं.

पाचव्या दिवशी साडेनऊला काकांनी आतल्या खोलीचं दार वाजवलं. आशिष सवयीने शर्ट घालून बसला होता. काका म्हणाले, "इस्त्रीचा कशाला घातलास? गोडाऊनला धूळ असते." मित्राला त्यांनी स्वतः फोन केला होता.

चर्च परत उघडल्यावर काका मला आवारात भेटले, सॅनिटायझरच्या बाटलीपाशी. तोंडावर मास्क असल्यामुळे राग किती आहे ते कळेना. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं."

"चुकलंच," ते म्हणाले. "माझ्या पोरासाठी तुम्ही मला परक्यासारखी प्रार्थना करायला लावली." मग म्हणाले, "पण ताई, खरं सांगू? आधी कळलं असतं ना की हा आपला आशिष, तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. दुसऱ्याचा होता म्हणून एवढं शहाण्यासारखं बोललो. तेच त्याने ऐकलं. मग मागे कसा फिरणार?"

"मग चार दिवस का बोलला नाहीत?"

"तेव्हा तो आपला झाला होता ना," काका म्हणाले.

ही हकिगत मंडळीत पसरली, तशी ती पसरणारच होती. पाळक मला म्हणाले, सुनंदाताई, यावर सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्या, देवाने तुमच्या चुकीतून किती चांगलं केलं. मी नाही म्हटलं. चांगलं झालं ते पगारे बापलेकांनी केलं. चूक माझी होती आणि शेवट गोड झाला म्हणून ती वजा होत नाही. प्रार्थना साखळी मी त्याच महिन्यात बंद केली. पुढच्या वर्षी आशिषने लीडरपद सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. नाताळला घरी येतो, केक खातो, कामाचं विचारलं की "मस्त चाललंय" म्हणतो. गोडाऊनमध्ये आता तो सुपरवायझर आहे, हे मला काकूंकडून कळलं. त्याने स्वतःहून मला त्यानंतर काहीच सांगितलेलं नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि ते वाटायलाच हवं.

हे लिहायचं ठरलं तेव्हा मी आधी त्याला फोन केला. म्हटलं, "नाव बदलून लिहिलं तर चालेल?"

"गेल्या वेळी पण नाव नव्हतंच ना, ताई?"

मग तोच म्हणाला, "लिहा. पण छापायच्या आधी पप्पांना वाचून दाखवा."

मी कागद घेऊन गेले. काकांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर काका म्हणाले, सगळं बरोबर आहे, फक्त त्यांच्या प्रार्थनेतलं एक वाक्य काढा. ते आशिषने मला सांगितलं होतं आणि मला वाटत होतं की अख्ख्या लेखात तेच सगळ्यात चांगलं आहे. मी त्यांच्यासमोर पेनाने खोडलं. ते कोणतं होतं हे मी कोणालाही सांगणार नाही, आणि या वेळी त्यात देवही आला.